डोंगर पाणी किती दिवस धरतो?

खालापूर तालुक्यात बर्फ पडतो म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण पडतो. खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला इमॅजिका नावाचं मनोरंजन उद्यान आहे. तिथल्या एका बंद दालनात तापमान शून्याखाली उतरवून यंत्राने बर्फ पाडतात आणि जाडजूड कोट चढवून माणसं त्यात लोळतात. बाहेर मे महिन्याचं ऊन अंगाची लाही करत असतं. एरवी महाराष्ट्रात बर्फाची बातमी येते ती महाबळेश्वरहून. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो, वर्तमानपत्रांत काश्मीरची आठवण निघते आणि उन्हं वर आली की सगळं संपतं. गारपीट हा तिसरा प्रकार. तो शेतकऱ्याच्या नशिबी असतो, त्याला बघायला हौसेने कोणी जात नाही.

त्यामुळे हिमालयातला बर्फ आटत चालल्याची बातमी कर्जतच्या फलाटावर वाचणाऱ्याला फार लांबची वाटली, तर त्यात त्याची चूक नाही. माझं म्हणणं मात्र थोडं वेगळं आहे. उंच डोंगरावरचा बर्फ नेमकं काय काम करतो हे समजून घ्यायचं असेल, तर कर्जत-खालापूरइतकी सोयीची जागा दुसरी नाही. इथे डोंगर आहे, आभाळ फाटल्यासारखा पाऊस आहे, उतार आहे आणि बर्फ अजिबात नाही. एखादी गोष्ट काय करते हे ती नसलेल्या ठिकाणी फार लवकर कळतं.

आधी बर्फ इथे का नाही ते पाहू. आपण जितकं वर चढू तितकी हवा थंड होत जाते, साधारण हजार मीटरला सहा-साडेसहा अंश. पावसाळी दमट हवेत हा दर थोडा कमी असतो. या हिशेबाने जुलैत आपल्या डोक्यावर शून्य अंशाची पातळी जमिनीपासून पाच-सहा किलोमीटरवर असते. ढगांचे माथे तिथवर पोचले तर त्यांच्यात बर्फाचे कण असतातही, पण खाली येईपर्यंत त्यांचं पाणी झालेलं असतं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. माथेरान, ढाक, राजमाची, भीमाशंकर हे सगळे त्याहून ठेंगणे. सह्याद्रीने कितीही मान उंच केली तरी त्या पातळीला त्याचा हात लागणार नाही. हिमालयाचे मात्र ती पातळी ओलांडून जाणारे कितीतरी कडे आहेत. म्हणजे जुलैतला मोसमी वारा अरबी समुद्रावरून येऊन भीमाशंकरच्या कड्याला आपटला की धो धो पाऊस होतो, आणि त्याच मोसमी पावसाची बंगालच्या उपसागराकडून येणारी शाखा नेपाळ-सिक्कीमच्या उंच रांगांना भिडली की वर बर्फ पडतो. मध्य आणि पूर्व हिमालयातल्या बऱ्याच हिमनद्यांची मुख्य भरती हिवाळ्यात होतच नाही, ती होते आपल्या आवणीच्या दिवसांत. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांवर पोसतात त्या काश्मीर, लडाख, काराकोरमकडच्या.

आता डोंगराला पाणी धरता येतं की नाही, हा प्रश्न. घाटमाथ्यावर वर्षाला चार मीटरच्या आसपास पाऊस पडतो, कुठे त्याहून जास्त, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एवढं पाणी मिळाल्यावर वर्षभर ददात नसावी. पण आपला डोंगर बेसाल्टचा, म्हणजे लाव्ह्याच्या थरांचा काळा कातळ. त्यात पाणी मुरायला जागा थोडीच, भेगा आणि वरचा झिजलेला मुरूम एवढीच. जुलैत उल्हास नदीचा पूर पाहावा आणि एप्रिलमध्ये घाटाच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीवर जावं. वहाळात गोटे उघडे पडलेले असतात. बाया वाळूत खणलेल्या डवऱ्याच्या कडेला बसून वाटीवाटीने हंडा भरत असतात. एक हंडा भरला की पाणी पुन्हा झिरपून येईस्तोवर थांबायचं. टँकर आला तर तो विहिरीत रिकामा होतो आणि मग विहिरीवर गर्दी. याच वाडीवर आठ महिन्यांपूर्वी पाऊस कधी थांबतो असं झालेलं होतं. पाणी कमी पडलं म्हणून ही वेळ आली नाही. पाणी थांबलं नाही म्हणून आली.

त्याच एप्रिलमध्ये तिथून थोडं पुढे भिवपुरीच्या बाजूला गेलं की देखावा बदलतो. पेज नदी वाहत असते आणि राजनाला कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भाताची खाचरं हिरवीगार असतात. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला होता, आणि कातळही तोच. फरक आहे तो वर, घाटमाथ्यावर. तिथे टाटांची धरणं आहेत.

ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी पाण्याची वीज द्यावी म्हणून लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे तलाव बांधले गेले. तिथलं पाणी पाइपांतून पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला सोडून १९१५ मध्ये वीज सुरू झाली. पुढे आंद्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीला उतरवलं, १९२२ मध्ये. मग मुळशी आणि भिरा, १९२७. मुळशीच्या वेळी मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. हे पाणी फुकटात मिळालेलं नाही, हे रायगडच्या बाजूने लिहिताना विसरू नये. हे सगळं पाणी मूळचं भीमेच्या खोऱ्यातलं, पूर्वेकडे जाणारं. वीज करून ते पश्चिमेला पडतं. जनित्र फिरवून बाहेर पडलेल्या या पाण्याला अवजल म्हणतात. खोपोलीचं अवजल पाताळगंगेला मिळतं आणि तिच्या काठी रसायनीपर्यंत कारखानदारी उभी राहिली. भिवपुरीचं पेजेतून उल्हासला जातं आणि पुढे बदलापूर-कल्याणकडच्या नळांपर्यंत पोचतं. पावसाळ्यात भरलेलं पाणी घाटमाथ्यावर अडवून ठेवायचं आणि कोरड्या आठ महिन्यांत थोडं थोडं खाली सोडायचं, एवढंच काम ही धरणं करतात. हिमालयात नेमकं हेच काम बर्फ करतो, आणि त्यासाठी तिथे कोणी भिंत बांधलेली नाही.

साम्य आणखी एका ठिकाणी दिसतं. भिवपुरीत यंत्रं चालू झाली की पेजेचं पाणी चढतं, बंद झाली की ओसरतं. हिमालयात ट्रेक केलेल्यांना वाटाड्याने पहाटे चारला उठवल्याची आठवण असेल. हिमनदीतून निघणारा ओढा सकाळी लवकर ओलांडायचा असतो, कारण रात्रीच्या थंडीत वितळणं मंदावलेलं असतं आणि पाणी पोटरीपर्यंत असतं. दुपारी तोच ओढा कमरेच्या वर येऊन माणूस वाहून नेतो. तिथलं यंत्र म्हणजे सूर्य.

बर्फ पाणी कसं धरतो यात एक खुबी आहे. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ शून्य अंशावरच्या पाण्यात बदलायला जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत तेच पाणी जवळपास ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. एवढी उष्णता गिळूनही बर्फाचं तापमान तसूभर हलत नाही. त्यामुळे तो एका दिवसात संपत नाही, आठवडे-महिने लावतो. दुसरी गोष्ट रंगाची. ताजा भुसभुशीत बर्फ अंगावर पडलेल्या उन्हातला ऐंशी-नव्वद टक्के प्रकाश परत आकाशात फेकतो. जुना, उघडा पडलेला, मळकट बर्फ जेमतेम तीस-चाळीस टक्के फेकतो, बाकीची उष्णता पोटात घेतो. म्हणून हिमनदीवर उन्हाळ्यात पडणारी चार बोटं ताज्या बर्फाची चादर फार मोलाची. ती स्वतः थोडंसंच पाणी देते, पण खालचा शेकडो वर्षांचा साठा झाकून ठेवते.

हवामान तापलं की बिघाड सुरू होतो तो इथून. तापमान एक अंशाने वाढलं तर शून्याची पातळी डोंगरावर साधारण दीडशे मीटर वर सरकते. ऐकायला हे थोडं वाटतं. पण उतार नेहमी तिरका असतो, आणि दीडशे मीटर उंचीचा हा पट्टा हजारो किलोमीटर लांबीच्या रांगेवर पसरलेला आहे. कालपर्यंत जिथे बर्फ पडत होता तिथे आता पाऊस पडतो. बर्फ पडला असता तर तिथेच थांबला असता. पाऊस कर्जतच्या पावसासारखाच त्याच दिवशी खाली निघून जातो, आणि जाताना खालचा जुना बर्फही धुऊन नेतो. आवणीच्या दिवसांत भरती होणाऱ्या ज्या हिमनद्या मघाशी सांगितल्या, त्यांना हा तोटा दुहेरी आहे. भरतीही उन्हाळ्यात आणि झीजही उन्हाळ्यात, त्यामुळे एकाच ऋतूत जमा कमी झाली, पांढरी चादर गेली आणि खर्च वाढला.

तापमान किती वाढलं, याचा हिशेब पुण्यात झाला आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतातल्या हवामानबदलाचा अहवाल काढला. त्यानुसार १९५१ ते २०१४ या काळात हिंदुकुश-हिमालयाच्या पट्ट्यात सरासरी तापमान सुमारे १.३ अंशांनी वाढलं. याच अहवालात देशाची सरासरी वाढ १९०१ ते २०१८ या जास्त लांब काळात सुमारे ०.७ अंश भरते. म्हणजे उंच डोंगर सपाटीपेक्षा लवकर तापतो आहे. बर्फ गेल्यावर उघडा पडणारा काळा खडक ऊन शोषतो, हे त्याचं एक कारण.

बर्फ किती गेला, हे मोजण्याचे दोन मार्ग आहेत. एक आकाशातून. डॉ. अनिल कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उपग्रहांच्या चित्रांवरून चिनाब, पार्वती आणि बास्पा या खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्या तपासल्या. १९६२च्या नकाशांशी ताडून पाहिल्यावर त्यांचं एकूण क्षेत्र २१ टक्क्यांनी घटलेलं निघालं. मला त्यातली एक बारीकशी नोंद जास्त बोलकी वाटते. क्षेत्र घटलं तरी हिमनद्यांची संख्या वाढली होती, कारण मोठ्या हिमनद्या आटताना तुटून त्यांचे तुकडे झाले होते. आकडा वाढला म्हणून खूश होणाऱ्याने अशा वेळी जरा थांबून बघावं. दुसरा मार्ग जमिनीवरचा, आणि तो फार कष्टाचा. लाहौलमधल्या छोटा शिग्री हिमनदीत २००२ पासून दर वर्षी बर्फात खोल भोकं पाडून बांबू रोवतात. पुढच्या वर्षी जाऊन बांबू किती उघडा पडला ते मोजायचं, वर साठलेल्या बर्फात खड्डे खणून त्याचं वजन घ्यायचं आणि जमाखर्च मांडायचा. इतक्या वर्षांचा ताळेबंद पाहिला तर ही हिमनदी सरासरीने दर वर्षी अर्धा मीटर पाण्याच्या थराइतकी बारीक होते आहे.

सगळ्याच हिमनद्या सारख्या वेगाने आटत नाहीत. काराकोरममधल्या काहींनी बराच काळ तग धरला. काहींच्या अंगावर दरडींतून पडलेल्या दगडगोट्यांचा जाड थर असतो. मासळी बाजारात बर्फाच्या लादीवर भुसा आणि गोणपाट टाकतात ना, तसं हा थर खालचा बर्फ राखतो. थर पातळ असेल तर मात्र उलट होतं. काळी धूळ ऊन धरते आणि बर्फ लवकर पाणी होतो. चुलींचा, डिझेलचा आणि शेतात जाळलेल्या पेंढ्याचा धूर वाऱ्याने वर जाऊन बसतो तोही याच कामाला लागतो. पण एकंदर दिशा एकच आहे. काठमांडूच्या आयसीमॉड या संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं की २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांचा बर्फ आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने गेला. हिवाळी बर्फाचंही तेच. २०२५च्या नोव्हेंबर ते मार्च या हंगामात या पट्ट्यात बर्फ जमिनीवर टिकून राहण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा २३.६ टक्के कमी होतं. तेवीस वर्षांतला हा नीचांक, आणि सरासरीपेक्षा कमी असं सलग तिसरं वर्ष.

इथे एक गैरसमज काढला पाहिजे. बर्फ आटतोय म्हणजे नद्या लगेच कोरड्या पडल्या असं होत नाही. सुरुवातीला पाणी वाढतं. साठा खर्ची पडत असतो, त्यामुळे काही दशकं उन्हाळ्यात नदी आधीपेक्षा भरलेली दिसते, धरणवाले आणि शेतकरी दोघेही निवांत असतात. मग एक कमाल गाठली जाते आणि त्यानंतर उतरण लागते. बऱ्याच खोऱ्यांत ही कमाल या शतकाच्या मध्याच्या आसपास येईल असा अंदाज आहे. नद्यानद्यांतही फरक आहे. सिंधूच्या पाण्यात बर्फाचा वाटा फार मोठा आहे, कारण तिचा प्रदेश कोरडा. गंगेला मैदानात मोसमी पाऊस भरपूर मिळतो, तेव्हा वाराणसीची गंगा हिमनद्या गेल्या तर आटून जाईल असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण एप्रिल-मे-जूनमध्ये, पाऊस यायच्या आधी, वरच्या खोऱ्यांत जे पाणी असतं ते बर्फाचंच. प्रश्न वर्षाच्या एकूण बेरजेचा कमी आणि त्या तीन महिन्यांचा जास्त आहे. कर्जतच्या वाड्यांवरच्या बायांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

धरण आणि हिमनदी यांत एक मोठा भेद मात्र आहे, आणि तो हिमनदीच्या विरोधात जातो. वळवणचा तलाव मेअखेर तळाला गेला तरी एका चांगल्या पावसाळ्यात पुन्हा काठोकाठ भरतो. हिमनदीत पडलेल्या भुसभुशीत बर्फाचा वरच्या वजनाखाली दबून घट्ट निळसर बर्फ व्हायला वर्षानुवर्षं, कुठे कुठे दशकं लागतात. तिथे एका उन्हाळ्यात जे गेलं ते पुढच्या हिवाळ्यात परत येत नाही.

बर्फ पाण्याखेरीज आणखी एक गोष्ट धरून ठेवतो, ती म्हणजे डोंगर. साडेचार-पाच हजार मीटरच्या वर कड्यांच्या भेगांत पाणी बारमाही गोठलेलं असतं आणि ते फुटक्या खडकाला सांधून ठेवतं. हा सांधा सुटू लागला की कडे ढासळतात. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ एकदम खाली आला. त्यात बहुतांश खडकच होता. घसरताना झालेल्या घर्षणाने बर्फाचं पाणी झालं, त्याचा चिखल-दगडांचा लोंढा ऋषिगंगेतून धौलीगंगेत शिरला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली, बरीचशी जलविद्युत प्रकल्पांवर काम करणारी. दिवस हिवाळ्याचा, स्वच्छ उन्हाचा होता, पाऊस नव्हता. दुसरा धोका हिमनदी मागे हटताना तिच्या तोंडाशी साठणाऱ्या तळ्यांचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमचं दक्षिण ल्होनाक तळं असंच फुटलं आणि तिस्तेवरचं चुंगथांगचं धरण घेऊन गेलं.

त्याच वर्षी जुलैत खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी झाली. १९ जुलैची रात्र. इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकर समाजाची वाडी, गाडीरस्ता नाही, चौकच्या बाजूने चढून जायचं. आधीच्या तीन दिवसांत त्या भागात जवळपास पाचशे मिलिमीटर पाऊस झाला होता. रात्री दरड आली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं. इर्शाळगडावरून खाली मोरबे धरणाचा जलाशय दिसतो, नवी मुंबईच्या नळांचं पाणी तिथलं.

इथे बर्फ नव्हता, तेव्हा इर्शाळवाडी आणि चमोली यांची एकच गोष्ट करणं बरोबर नाही. आपल्याकडे कातळावर बसलेला मुरूम-मातीचा थर पाण्याने फुगतो, जड होतो आणि कातळावरून सुटतो. कोणत्याही एका दरडीवर बोट ठेवून ही हवामानबदलाचीच, असं म्हणणंही घाईचं. उताराची कापणी, झाडोरा, वस्ती कुठे आहे, असं बरंच काही त्यात असतं. पण दोन्हीकडे मूळ धागा उष्णतेचा आहे. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि धरलेलं कधीतरी सोडतेच. पुण्याच्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हा पट्टा पश्चिमेला महाराष्ट्रापासून सुरू होतो. दरडींखाली गेलेली गावं आठवावीत: माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३. दरडप्रवण गावांची यादी केवळ जुन्या दरडींवरून करून चालत नाही, हे या तीन नावांवरून तरी पटायला हवं.

हिमालयाचा बर्फ कर्जतच्या शेतकऱ्याला आणखी एका वाटेने भेटतो, आणि ही वाट मला सगळ्यांत मजेची वाटते. १८७६-७८च्या दुष्काळानंतर सरकारला पावसाचा आगाऊ अंदाज हवा झाला. हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी १८८४ मध्ये मांडलं की हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयावर बर्फ जास्त पडला आणि टिकला, तर पुढचा पाऊस भारतात कमी होण्याकडे कल असतो. कारणमीमांसा सोपी आहे. बर्फ ऊन परत फेकतो. उरलेली उष्णता तो वितळण्यात आणि ओली जमीन वाळण्यात खर्ची पडते. जमीन उशिरा तापते, आणि जमीन-समुद्राच्या तापमानातल्या ज्या फरकावर मोसमी वारे चालतात तो फरक कमी राहतो. शंभर वर्षांनी पुण्याचेच डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली सोळा घटकांचं प्रसिद्ध प्रारूप तयार झालं. १९८८ पासून देशाच्या पावसाचा अंदाज त्यावर निघू लागला. त्या सोळांत हिमालयावरचा बर्फ होता आणि युरेशियावरचाही. म्हणजे नव्वदच्या दशकात कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या बियाण्याची पेरणी कधी करावी हे ठरवताना शेतकऱ्याने रेडिओवर जो अंदाज ऐकला, त्यात बर्फाचा हिशेब धरलेला होता. २००२च्या दुष्काळात ते प्रारूप चुकलं आणि मागे पडलं. तरी आजही एप्रिलच्या अंदाजात हवामान खातं उत्तर गोलार्धातल्या बर्फाची नोंद देतं.

मग बर्फ कमी झाला तर आपला पाऊस वाढेल, म्हणून आनंद मानावा का? हिशेब इतका सरळ नाही. प्रशांत महासागरातला एल निनो, तापलेला अरबी समुद्र, हवेतली धूळ, या सगळ्यांचा जोर बर्फापेक्षा कमी नाही. आणि पाऊस वाढला तरी तो कमी दिवसांत, जास्त जोराने पडला तर आपल्या कातळावर त्याचा उपयोग इर्शाळवाडीत झाला तेवढाच.

लडाखमध्ये माणसांनी यावर काही उपाय शोधले. तिथे पेरणी एप्रिल-मेमध्ये आणि हिमनद्यांचं पाणी मात्र जूनपासून, मधल्या आठवड्यांत शेतं कोरडी. चेवांग नोर्फेल या स्थापत्य अभियंत्याने हिवाळ्यात वाया जाणारं पाणी गावाच्या जवळ, कमी उंचीवर दगडी बांधांमागे पसरवून गोठवायला सुरुवात केली, म्हणजे ते वरच्या हिमनदीच्या आधी वितळेल. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४च्या हिवाळ्यात त्याला उंच सुळक्याचा आकार दिला. वरच्या ओढ्यातून पाइपाने पाणी आणायचं, उताराच्या दाबाने ते कारंज्यासारखं उडवायचं आणि कडाक्याच्या थंडीत ते थरावर थर गोठत जातं. सुळका अशासाठी की तेवढ्याच पाण्याला ऊन लागायला कमी पृष्ठभाग मिळतो. कल्पना सुरेख आहे, गावापुरती उपयोगीही. तिने सिंधू भरणार नाही, आणि हिवाळा पुरेसा थंड राहिला तरच ती चालते.

आपल्या घाटमाथ्यावरही आता नवं काही येऊ घातलं आहे. २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी भिवपुरीला १,००० आणि शिरवत्याला १,८०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचा करार केला. दुपारी सौर वीज स्वस्त असताना खालचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की त्याच पाण्यावर वीज करायची. कोळसा कमी जाळायचा असेल तर वीज साठवायची ही रीत चांगली आहे आणि हिमालयातल्या बर्फाच्या बाजूनेही ती चांगलीच. दुसरीकडे, टाटांच्या धरणांचं पाणी पुन्हा पूर्वेला भीमेच्या खोऱ्यात वळवावं ही मागणीही घाटावरून वरचेवर होते, आणि तिथल्या दुष्काळी तालुक्यांच्या जागी आपण असतो तर आपणही केली असती. या दोन्हींच्या मध्ये पेज नदी आहे. उदंचनात तेच पाणी वर-खाली फिरतं, त्यातून नदीला नवं पाणी मिळत नाही. पूर्वेला वळवलेलं तर घाट उतरणारच नाही. त्यामुळे उन्हाळ्यात पेजेत किती पाणी सुटणार आणि राजनाल्याची आवर्तनं किती होणार, हे आकडे प्रकल्पांच्या कागदांत आधीच लिहून घेतले पाहिजेत, कारण कालव्याच्या टोकाचा शेतकरी उन्हाळी भाताचं बी भिजत घालतो ते आवर्तनाची तारीख कळल्यावर.